अलाबामाची माणसे : नावामागची नावे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना तो अर्पण केला. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी अभ्यासवर्गात ऐकलेली आहे. पण ज्या गुलामांच्या मुक्तीबद्दल जोतीरावांना एवढा आनंद झाला, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. गुलामगिरी कायद्याने संपली म्हणजे गोष्ट संपली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खरी गोष्ट तेथूनच सुरू झाली.

ती समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील एकच राज्य आपण प्रस्तुत लेखात पाहणार आहोत. ते राज्य म्हणजे अलाबामा. बुकर टी. वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग ही चार नावे आपल्याला परिचित आहेत. या चौघांच्याही कार्याचा मोठा भाग अलाबामाच्या भूमीवर घडला. मात्र या नावांमागे आणखी काही नावे आहेत. तसबिरी लागल्या त्या चौघांच्या, पण काम उभे राहिले ते सर्वांच्या हातांनी. या मागच्या नावांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

कायद्याने दिले, हिशेबाने काढून घेतले

अलाबामा १८१९ साली अमेरिकन संघराज्यात सामील झाले. कापूस हे तेथील मुख्य पीक आणि गुलाम हे त्या पिकाचे मजूर. १८६१ साली गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली, तेव्हा त्यांची पहिली राजधानी अलाबामातील मॉन्टगोमेरी हीच होती. युद्धात दक्षिणेचा पराभव झाला. १८६५ साली गुलामगिरी रद्द झाली, १८६८ साली नागरिकत्व मिळाले आणि १८७० साली वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे राज्यघटनेत लिहिले गेले.

त्याचे फळ लगेच दिसले. गुलाम म्हणून जन्मलेले बेंजामिन टर्नर १८७० साली अलाबामातून अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. त्यांच्यामागून जेम्स रेपियर गेले. १८७३ साली, म्हणजे 'गुलामगिरी' छापून झाली त्याच वर्षी, रेपियर संसदेत बसले होते. तिसरे जेरेमाया हॅरल्सन. त्यांची मुदत १८७७ साली संपली. त्यानंतर अलाबामातून कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत पोहोचला तो थेट १९९३ साली. मध्ये ११६ वर्षे गेली!

हे कसे घडले? मारहाण, खून आणि दहशत हे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर कागदावरचे आहे आणि ते अधिक अभ्यासण्यासारखे आहे. १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना केली. काळ्यांना मत नाही, असे तीत कोठेही लिहिले नव्हते. मतदाराला वाचता-लिहिता आले पाहिजे किंवा त्याच्याजवळ मालमत्ता पाहिजे आणि त्याने मतपट्टी भरलेली पाहिजे, एवढेच लिहिले होते. त्याला वाचता येते की नाही हे ठरविणारा नोंदणी अधिकारी मात्र गोरा होता. १९०० साली अलाबामात मतदानाच्या वयाचे १,८०,००० हून अधिक कृष्णवर्णीय पुरुष होते. नवी घटना आल्यावर दोन-तीन वर्षांत मतदार यादीत त्यांतले सुमारे ३,००० उरले.

मतपट्टीचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. ती वर्षाला दीड डॉलर. रक्कम लहान वाटते. पण ती साचत जाई. वयाच्या २१ व्या वर्षापासून नाव नोंदविले नसेल, तर मागील सर्व वर्षांची बाकी एकदम भरावी लागे, ३६ डॉलरपर्यंत. मी बँकेतील कारकून. थकबाकी हा शब्द माझ्या रोजच्या कामातला. कर्ज काढले नाही, वस्तू घेतली नाही, तरी केवळ मत देण्याची इच्छा झाली म्हणून एखाद्याच्या नावावर थकबाकी निघते, असे खाते मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

टस्कीगीची विद्या

बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ साली व्हर्जिनियात गुलामीत झाला. ४ जुलै १८८१ रोजी त्यांनी अलाबामातील टस्कीगी येथे शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी तीस विद्यार्थी होते आणि जागा म्हणजे एक मोडकळीस आलेली झोपडी. इमारतीसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडायच्या असे ठरले. तीन भट्ट्या फसल्या. तेव्हा वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली.

ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु शाळा मंजूर झाली ती कोणामुळे? टस्कीगी गावात ल्युईस ॲडम्स नावाचे गृहस्थ होते. पूर्वाश्रमीचे गुलाम. पत्र्याचे काम, चामड्याचे काम, जोडे शिवणे हा त्यांचा व्यवसाय. १८८० च्या निवडणुकीत गोरे उमेदवार त्यांच्याकडे काळ्यांची मते मागायला आले. त्या वेळी काळ्यांना मत होते. ॲडम्स यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. 'आमच्या मुलांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा द्या,' ही त्यांची एकच मागणी. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. वॉशिंग्टन त्यानंतर आले. मताचे मोल काय असते आणि ते कशासाठी वटवावे, हे या जोडे शिवणाऱ्या माणसाला कळले होते.

वॉशिंग्टन यांचे १९१५ साली निधन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. वॉशिंग्टन यांच्या चरित्राचा तरुण भीमरावांच्या मनावर परिणाम झाला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. वॉशिंग्टन यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. राजकीय हक्कांचा आग्रह सोडून त्यांनी गोऱ्यांशी तडजोड केली, असा आक्षेप डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ साली घेतला. तो आक्षेप खोटा नव्हता. पण अलाबामाच्या १९०१ च्या घटनेविरुद्ध मॉन्टगोमेरीच्या जॅक्सन गाइल्स यांनी जो दावा लावला, त्याला वॉशिंग्टन यांनी गुप्तपणे पैसा पुरविला होता, हेही पुढे उजेडात आले. १९०३ साली सर्वोच्च न्यायालयाने गाइल्स यांना दाद दिली नाही. तरीही साठ वर्षे आधी हा लढा कोणीतरी न्यायालयात नेला होता, ही नोंद राहिलीच पाहिजे.

कार्व्हर १८९६ साली टस्कीगीत आले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे मराठी घराघरांत ते पोहोचले आहेत. कापसाने जमीन निःसत्त्व झालेली. तीत भुईमूग, चवळी घ्या, या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, असे ते शेतकऱ्यांना सांगत. पण ज्याला वाचता येत नाही आणि शाळेपर्यंत येण्यास सवड नाही, त्या शेतकऱ्याला हे सांगणार कोण? त्यासाठी १९०६ साली घोडागाडीवर फिरती शेतीशाळा निघाली. ती गाडी घेऊन गावोगाव जाणारे थॉमस कॅम्पबेल हे टस्कीगीचेच माजी विद्यार्थी. प्रयोगशाळेतील ज्ञान बांधापर्यंत नेणारा माणूस नसेल, तर ज्ञान कपाटातच राहते.

एका बसची गोष्ट

आता मॉन्टगोमेरीकडे वळू. शहराच्या बसमध्ये पुढील जागा गोऱ्यांच्या, मागील काळ्यांच्या. गोऱ्यांच्या जागा भरल्या की काळ्यांनी उठून आपल्या जागा द्यायच्या. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे भरायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे, असाही प्रकार चाले. प्रवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मात्र काळे होते. म्हणजे बस कंपनी ज्यांच्या पैशांवर चालत होती, त्यांनाच उभे केले जात होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या ४२ वर्षांच्या बाईंनी उठण्यास नकार दिला. 'दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधी बाई त्या दिवशी उठली नाही आणि क्रांती झाली,' असे आपण भाषणात सांगतो. हे अर्धसत्य आहे. रोझाबाई १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या शहर शाखेच्या चिटणीस होत्या. मतदार यादीत नाव घालण्याचा त्यांचा अर्ज दोनदा नामंजूर झाला. १९४५ साली तिसऱ्या खेपेस नाव लागले, तेव्हा अकरा वर्षांची मतपट्टी म्हणून त्यांना साडेसोळा डॉलर भरावे लागले. १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत जाऊन त्या शिकूनही आल्या होत्या. त्या दिवशीच्या एका नकारामागे बारा वर्षांचे काम होते.

त्यांच्याही आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने अशीच जागा सोडण्यास नकार दिला होता. पोलिसांनी तिला बसमधून ओढून नेले. मग आंदोलन तेव्हाच का झाले नाही? एक कारण कायद्याचे होते. न्यायालयाने वर्णभेदाच्या कायद्याचा आरोप काढून टाकला आणि पोलिसांशी झटापट केल्याचा तेवढा ठेवला. त्यामुळे मूळ कायद्याला आव्हान देता येईना. दुसरे कारण सांगताना संकोच वाटतो, पण ते सांगितले पाहिजे. मुलगी गरीब वस्तीतली, वय लहान, पुढे तिला दिवस गेले. विरोधक तिच्या चारित्र्यावर बोलतील, अशी भीती पुढाऱ्यांना वाटली. ज्यांना समाजाने मागे बसविले, त्यांच्या चळवळीतही कोणाला पुढे बसवायचे हा हिशेब झाला, हे आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे.

बहिष्कार कसा चालला

रोझाबाईंना जामिनावर सोडविण्यास गेले ते ई. डी. निक्सन. रेल्वेच्या शयनयानातील हमाल, शाळेत फारसे न गेलेले, पण शयनयान कामगारांच्या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष. त्यांच्याबरोबर क्लिफर्ड ड्युर हे गोरे वकील आणि त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया होत्या. त्याच रात्री अलाबामा स्टेट कॉलेजातील प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्राशी बसल्या आणि पहाटेपर्यंत त्यांनी हजारो पत्रके काढली. 'सोमवारी बसमध्ये चढू नका,' हा त्यांचा मजकूर. हा निर्णय एका रात्रीचा नव्हता. रॉबिन्सनबाईंच्या महिला मंडळाने मे १९५४ मध्येच, म्हणजे दीड वर्ष आधी, महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता.

५ डिसेंबरच्या सोमवारी बस रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी रोझाबाईंना खर्चासह १४ डॉलर दंड झाला आणि त्याच दिवशी आंदोलनासाठी नवी संघटना स्थापन होऊन २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग तिचे अध्यक्ष झाले. खजिनदार झाले निक्सन.

बहिष्कार हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तो गावाने घातला; विहीर, दुकान, पिठाची गिरणी, मजुरी बंद केली. मॉन्टगोमेरीत मात्र हे शस्त्र पिडलेल्यांच्या हाती आले. पण बहिष्कार घालणे सोपे असते, चालविणे अवघड. हजारो माणसांना रोज कामावर पोहोचवायचे होते. त्यासाठी सुमारे ३०० खासगी मोटारींची व्यवस्था झाली, थांबे ठरले, वेळा ठरल्या. ज्यांना मोटार मिळाली नाही ते पायी चालले. मोटारींचे विमे रद्द करविण्यात आले, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळविण्यात आला. किंग आणि निक्सन यांच्या घरांवर बॉम्ब पडले.

पेट्रोलला पैसा कोठून आला? येथे जॉर्जिया गिलमोर यांचे नाव घेतले पाहिजे. त्या एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या. किंग यांच्यावरील खटल्यात त्यांनी बसवाल्यांविरुद्ध साक्ष दिली आणि नोकरी गेली. त्यांनी शेजारच्या बायका जमविल्या. घरी कोंबडी तळायची, केक भाजायचे, ते विकायचे आणि जमलेली रक्कम दर आठवड्याच्या सभेत आणून द्यायची. गोऱ्यांच्या घरी कामाला असलेल्या बायकांची नावे फुटली तर त्यांचीही कामे जातील, म्हणून या मंडळाचे नाव ठेवले 'कोठूनच नाही' मंडळ. पैसे कोठून आले असे कोणी विचारले, तर उत्तर तयार : कोठूनच नाही!

एका गोऱ्या बाईचेही नाव येथे घेणे न्यायाचे ठरेल. ज्युलिएट मॉर्गन या शहराच्या ग्रंथपाल. बहिष्कार सुरू झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि या चळवळीची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. त्यानंतर त्यांना धमक्या आल्या, घरावर दगड पडले, जुने स्नेही दुरावले. १९५७ साली त्यांनी आपले जीवन संपविले. आपल्याच लोकांविरुद्ध एकट्याने उभे राहण्याची किंमत अशी असते.

निकालपत्रावरील चार नावे

बहिष्कार ३८१ दिवस चालला. पण बसमधील भेद कायद्याने संपला तो न्यायालयाच्या निकालाने, आणि त्या दाव्यात रोझा पार्क्स यांचे नाव नाही! त्यांचा खटला राज्याच्या न्यायालयात रखडेल हे ओळखून फ्रेड ग्रे या अवघ्या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या न्यायालयात स्वतंत्र दावा दाखल केला. त्यात अखेरपर्यंत टिकून राहिल्या त्या चौघी : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि मागे ठेवलेली तीच क्लॉडेट कॉल्व्हिन. पाचवीने धमक्यांमुळे नाव मागे घेतले. ५ जून १९५६ रोजी तीनपैकी दोन न्यायाधीशांनी चौघींच्या बाजूने निकाल दिला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २१ डिसेंबर १९५६ पासून मॉन्टगोमेरीत काळी माणसे बसमध्ये हवी तेथे बसू लागली. कॉल्व्हिन यांच्या नावावरील त्या अटकेची जुनी नोंद न्यायालयाने पुसली ती २०२१ साली, ६६ वर्षांनी.

सही शिकविणारी बाई

बसमधील जागा मिळाली, मत मिळायचे होते. सेल्मा हे गाव ज्या डॅलस परगण्यात आहे, तेथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते आणि यादीत नावे होती ती जेमतेम तीनशेच्या आसपास. मेरी फॉस्टर या दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाई. नाव नोंदविण्यासाठी त्यांना आठ वेळा खेटे घालावे लागले. मग नोंदणीच्या परीक्षेत काय विचारतात हे इतरांना शिकविण्यासाठी त्यांनी संध्याकाळचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी एकच विद्यार्थी आला, एक वृद्ध गृहस्थ. फॉस्टरबाईंनी वर्ग बंद केला नाही. त्या दिवशी त्यांनी त्या म्हाताऱ्याला स्वतःचे नाव लिहायला शिकविले.

७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर सहाशे मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालविला. आघाडीवर होते अलाबामाच्याच एका शेतकऱ्याचे पुत्र, २५ वर्षांचे जॉन ल्युईस. त्यांची कवटी फुटली. अमेलिया बॉयन्टन बेशुद्ध पडल्या. फॉस्टरबाईंनाही मार बसला. तरी दोन आठवड्यांनी निघालेल्या मोर्चात त्या सेल्मापासून मॉन्टगोमेरीपर्यंत सुमारे ५० मैल चालत गेल्या. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला. मतपट्टीचा शेवटचा अवशेषही अलाबामातून १९६६ साली न्यायालयाने काढून टाकला. जॉन ल्युईस पुढे जॉर्जिया राज्यातून संसदेवर निवडून आले आणि २०२० साली निधन होईपर्यंत तेथे होते.

अलाबामाचे निवडणूक चिन्ह, मुंबईची संघटना

सेल्मा आणि मॉन्टगोमेरी यांच्या मध्ये लाउन्ड्स परगणा आहे. शंभरात ऐंशी माणसे काळी आणि १९६५ च्या आरंभी मतदार यादीत त्यांतले एकही नाव नाही. जॉन ह्युलेट यांनी तेथे स्वतंत्र पक्ष काढला. नाव नोंदविले म्हणून जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढले. ती कुटुंबे तंबूत राहिली. निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागे. सत्ताधारी पक्षाचे चिन्ह कोंबडा, आणि त्यासोबत १९६६ पर्यंत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. ह्युलेट यांच्या पक्षाने चिन्ह घेतले काळ्या पँथरचे. त्या निवडणुकीत ते हरले. परंतु १९७० साली स्वतः ह्युलेट त्या परगण्याचे शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, म्हणून निवडून आले.

हेच चिन्ह १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी उचलले आणि 'ब्लॅक पँथर' पक्ष निघाला. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावे आपण जाणतो. त्या पँथरचे मूळ अलाबामातील एका परगण्याच्या मतपत्रिकेत आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, कायद्याने मिळालेला हक्क कागदी अटींनी काढून घेता येतो. हे केवळ १९०१ चे नाही. मताधिकार कायद्यातील एक महत्त्वाचे संरक्षण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निरुपयोगी केले, आणि तो खटला लावणारा शेल्बी परगणा अलाबामातलाच होता. म्हणून मतदार यादी, अर्ज, पावती, मुदत या रुक्ष गोष्टींवर लक्ष ठेवणे हेही चळवळीचेच काम आहे.

दुसरी गोष्ट, थोर पुरुषाचे चरित्र वाचताना हे काम चालले कसे, असे विचारावे. पत्रके कोणी काढली, पैसे कोणी मोजले, रिकाम्या वर्गात कोण बसून राहिले? हे विचारले नाही, तर चरित्र वाचून आपण फक्त हात जोडतो. विचारले, तर त्यातले एखादे काम आपल्यालाही करता येण्यासारखे निघते. किंग होणे सर्वांना शक्य नाही. पण जोडे शिवणारे ॲडम्स, स्वयंपाकीण जॉर्जियाबाई आणि सही शिकविणाऱ्या फॉस्टरबाई ही तुमच्या-आमच्यासारखी, नोकरी-धंदा सांभाळून काम करणारी माणसे होती.

एकाच विद्यार्थ्यासाठी फॉस्टरबाईंनी त्या संध्याकाळी दिवा लावून ठेवला. पुढे मोर्चात हजारो चालले. वर्गाला आज माणसे कमी आली, असे ज्यांच्या मनात येते, त्यांनी सेल्माचा तो पहिला दिवस आठवावा.